जरा रिसेट करून द्या ना

(दृश्य: सहार, पहाटेचे अडीच. टर्मिनल दोनच्या दारात गाड्यांची रांग.)

आखाताकडे, युरोपाकडे जाणारी बरीच विमानं मुंबईहून रात्रीच सुटतात. त्यामुळे या वेळेला इथे लग्नघरासारखी गडबड. दारात सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र ताडून बघतो. पुढे बॅगा, पट्टे, पाकिटं, सगळं ट्रेमध्ये.

(दृश्य: चेक-इन काउंटर. नाट्यरूप.)

पाळी बदलतेय. "अगं, लॉग आउट नको करूस, रांग बघ केवढी आहे. तुझ्याच लॉगिनवर घेते मी." जाणारी मान डोलावते आणि स्टाफच्या बसकडे पळते. वाचली असतील दोन मिनिटं. पण आता त्या कॉम्प्युटरवर जे काही होईल, ते हिच्या नावावर. आणि ही बसमध्ये खिडकीला डोकं टेकून गाढ झोपलेली.

अशा ठिकाणी हॅकरला फार डोकं चालवावं लागत नाही. गोड बोलता आलं की झालं.

जून 2025 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने विमान कंपन्यांना सावध केलं ते 'स्कॅटर्ड स्पायडर' नावाच्या टोळीबद्दल. यांचं हत्यार म्हणजे फोन. हेल्पडेस्कला, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या लॉगिन-पासवर्डच्या अडचणी सोडवणाऱ्यांना लावायचा, आपण कंपनीचाच माणूस असल्याचं सांगायचं आणि ओटीपीसाठी आपलाच मोबाइल जोडून घ्यायचा. त्यानंतर काही दिवसांतच ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासमधून सुमारे 57 लाख ग्राहकांची माहिती गेली. चोर शिरले होते एका कॉल सेंटरच्या वाटेने.

फोन उचलणाऱ्याला मूर्ख म्हणणं सोपं आहे. पण त्याला शिकवलंय काय? अडलेल्याचं काम पटकन करून द्या, तक्रार बंद करा, पुढचा कॉल घ्या. तो ते चोख करतो.

लंडनच्या हीथ्रो विमानतळाची गोष्ट तर फोनशिवायची. 2017 साली तिथल्या एका कर्मचाऱ्याचा पेन ड्राइव्ह हरवला. सापडला वाटेने जाणाऱ्या माणसाला, आणि त्याने तो चक्क वाचनालयातल्या कॉम्प्युटरला लावून पाहिला. आत 76 फोल्डर, पासवर्ड कशालाच नाही. विमानतळाला दंड झाला 1,20,000 पौंडांचा. चौकशीत निघालं की 6,500 कर्मचाऱ्यांपैकी डेटा सुरक्षेचं प्रशिक्षण झालेले होते जेमतेम 2 टक्के.

आणि आपण प्रवासी? आपणही काही कमी नाही. 'चाललो दुबईला' म्हणून बोर्डिंग पासचा फोटो स्टेटसला. नावावर अंगठा ठेवतो, बारकोड उघडाच. त्यात नावही असतं आणि पीएनआरही. आडनाव नि पीएनआर हाती आला, की बऱ्याच कंपन्यांच्या साइटवर तुमचं बुकिंग उघडतं. परतीच्या तिकिटासकट.

(दृश्य: मरोळमधलं एक ऑफिस. नाट्यरूप. हेल्पडेस्कवर एकटा मुलगा, बाजूला गार झालेला चहा.)

"अहो दादा, चारची फ्लाइट आहे, ड्युटीचं रोस्टर उघडत नाहीये. फोन नवा घेतला, ओटीपी जुन्यावर जातोय. जरा रिसेट करून द्या ना."

"देतो ना सर. फोन ठेवा, तुमच्या नोंदवलेल्या नंबरवर मीच करतो."

"तो नंबर बंद आहे म्हणून तर... अहो, वेळ नाहीये!"

फोन कट.

मुलगा तरीही रजिस्टरमधला नंबर लावतो. बराच वेळ रिंग. मग एक जड आवाज.

"कोण? ... नाही हो, माझी आज सुट्टी आहे. मी डोंबिवलीत, घरी झोपलोय."