खर्जातला प्रेमिक

...निमंत्रणावर विषय छापलाय ‘रावेलची तीन गाणी, तीन ताल’. रावेल म्हणजे फ्रेंच संगीतकार मॉरिस रावेल. तालांकडे येणारच आहे. आधी माझी जुनी तक्रार. ज्यांनी ती ऐकली आहे त्यांनी खुशाल चहा घेऊन यावं. पाश्चात्त्य ऑपेरात खर्जातल्या गळ्याला कुणी धड प्रेम करू देत नाही. नायिका टेनरची, म्हणजे चढ्या पुरुषी गळ्याची. बास, म्हणजे खर्जातल्या गायकाच्या वाट्याला राजा, धर्मगुरू, नायिकेचा बाप, आणि हे सगळे संपले की सैतान. (आपल्याकडे तरी काय? गायक मंद्रात जरा रेंगाळला की मागच्या रांगेतली मंडळी घड्याळं बघतात. हसू नका, इथून दिसतंय मला.)

रशियन बास फ्योदोर शाल्यापिन हा या सगळ्या राजा-सैतानांचा सम्राट. बोरिस गोदुनोव तोच, मेफिस्टोफेलीस तोच. १९१० मध्ये मॉन्टे कार्लोला फ्रेंच संगीतकार मासनेच्या ऑपेरातला डॉन किहोटे, पवनचक्क्यांशी लढणारा तो वेडा सरदार, तोही पहिल्यांदा त्यानेच उभा केला. पुढे बोलपट आले. दिग्दर्शक पाब्स्टने त्यालाच घेऊन डॉन किहोटेवर चित्रपट करायचं ठरवलं आणि १९३२ मध्ये गाण्यांसाठी मॉरिस रावेलला विचारणा झाली. शब्द लेखक पॉल मोराँचे.

आता मजा बघा. विचारणा एकट्या रावेलला नव्हती. इबेर, मियो, फाया, देलान्वा या संगीतकारांनाही झाली होती. एकाच मांडवासाठी पाच आचाऱ्यांना सुपारी, आणि जो तो समजतोय की जेवण आपल्याच हातचं! रावेल मुळात सावकाश काम करणारा. त्यात प्रकृती ढासळू लागलेली, आणि ऑक्टोबर १९३२ मध्ये पॅरिसला टॅक्सीचा अपघात. गाणी वेळेत झाली नाहीत, काम इबेरकडे गेलं. चित्रपटात शाल्यापिन गातो ती इबेरची गाणी. रावेल कोर्टात जायच्या विचारात होता, मग त्याने नाद सोडला. मी मात्र तो खटला अजून चालवतोय. इबेरची गाणी वाईट असती तर बरं झालं असतं. ती चांगली आहेत, हेच जास्त खुपतं. रावेलने आपली तीन गाणी पुरी केली, पण त्यांच्यानंतर त्याच्या हातून एकही रचना पुरी झाली नाही. १९३७ च्या डिसेंबरात तो गेला.

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटं.’ बरं.

रावेलच्या त्या तीन गाण्यांचं नाव ‘दाँ किशोत आ द्युल्सिने’, म्हणजे डॉन किहोटेकडून डल्सिनियाला, त्याच्या प्रेयसीला. पहिलं गाणं ग्वाहिरा या स्पॅनिश-क्यूबन गीतप्रकाराच्या चालीचं: सहा मात्रा, एकदा तीन-तीन, लगेच दोन-दोन-दोन. पृथ्वीचं फिरणं तुला आवडत नसेल तर थांबवतो, चांदण्या नको असतील तर पुसतो, असं हा डल्सिनियाला सांगतो. पियानो गिटारसारखा छेडलेला. दुसरं गाणं प्रार्थना, संत मायकेल आणि संत जॉर्जला. ताल झॉर्त्सिको, फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरच्या बास्क लोकांचा, पाच मात्रांचा. रावेलची आई बास्क, आणि त्याचा जन्म त्याच किनाऱ्यावर सिबूरला, १८७५ चा. त्यामुळे हा ताल उसना आणलेला वाटत नाही. इथे पियानो अगदी मोजका, शेवटी ‘आमेन’. तिसरं दारूचं, खोता या स्पॅनिश नृत्याच्या भरधाव तीन मात्रांत. पियानोला उचकी लागते, गायक खदखदून हसतो.

सांगायचं होतं ते हेच: हसतो तो स्वतः, रावेल त्याला कुठेही हसत नाही. मासनेचा म्हातारा शेवटी कीव मागतो, हा मागत नाही. चांदण्या पुसायची भाषा टेनरने केली तर पोरकटपणा वाटेल. भारदस्त गळा तेच सांगतो तेव्हा खरं वाटतं. आज ही गाणी बहुतेक बॅरिटोन, म्हणजे टेनर आणि बासच्या मधल्या गळ्याचे गायक गातात, चालेल. १ डिसेंबर १९३४ ला मार्सियाल सँगेरने ती पॉल पारेने चालवलेल्या वाद्यवृंदासोबत प्रथम गायली. तरी मी म्हणेन, पियानोवरच ऐका. वाद्यवृंदात वाळवंट, घोडा, पवनचक्की सगळं दिसायला लागतं आणि माणूस मागे पडतो.

हो, हो, थांबतो. ध्वनिमुद्रण लावा. तिन्ही मिळून सात-आठ मिनिटांची आहेत, मध्ये टाळ्या नकोत.