लोप पद्धत: वजाबाकी कुठे फसते

[दृश्य: बेळगावचा बाजार. रताळ्यांचा ढीग, शेजारी बटाटे, तराजू.]

समजा, एका गिऱ्हाइकानं ३ किलो रताळी आणि २ किलो बटाटे घेतले. झाले १८० रुपये. दुसऱ्यानं त्याच दरानं २ किलो रताळी आणि ५ किलो बटाटे घेतले, २३० रुपये. मग किलोचा दर काय? पहिल्या बिलावरून कळत नाही. रताळी २० नि बटाटे ६० रुपये धरले तरी १८० जुळतात, ५० नि १५ धरले तरी जुळतात. दुसरं बिल हाती आलं की एकच जोडी उरते.

[दृश्य: फळा.]

रताळ्यांचा किलोचा दर क्ष धरू, बटाट्यांचा य.

३क्ष + २य = १८०
२क्ष + ५य = २३०

क्ष चा लोप करू, म्हणजे क्ष नाहीसा करू. पहिलं समीकरण २ नं गुणा, दुसरं ३ नं. ६क्ष + ४य = ३६० आणि ६क्ष + १५य = ६९०. इथं पुष्कळ मुलं डावी बाजू गुणतात आणि उजवीकडचे १८० तसेच ठेवतात. खालच्यातून वरचं वजा केलं की ११य = ३३०, म्हणून य = ३०. ही किंमत पहिल्या समीकरणात ठेवली की ३क्ष = १२०, क्ष = ४०. रताळी ४० रुपये, बटाटे ३०.

इथं सगळी चिन्हं अधिक होती, म्हणून सोपं गेलं. आता हे पाहा.

४क्ष − ३य = ६
४क्ष + ५य = २२

वरच्यातून खालचं वजा करताना −३य मधून ५य जातात, म्हणजे −८य. घाईत लिहिलं जातं २य. मग २य = −१६, य = −८, आणि पहिल्या समीकरणावरून क्ष = −४.५. विद्यार्थी ताळा करतो, तोही पहिल्याच समीकरणात: −१८ + २४ = ६. जुळलं! जुळणारच, क्ष त्याच समीकरणातून काढला होता. दुसऱ्यात ठेवून पाहा: −१८ − ४०, म्हणजे −५८. हवे होते २२. ज्या समीकरणातून दुसरी किंमत काढली, ते सोडून उरलेल्या समीकरणात ताळा करायचा. खरं उत्तर क्ष = ३, य = २.

वजाबाकीच टाळावी, हे उत्तम. खालच्या समीकरणाची सगळी चिन्हं, उजवी बाजूही धरून, आधी बदलून लिहा आणि मग बेरीज करा. एक ओळ वाढते, पण चूक समोर दिसते.

[दृश्य: बेळगाव–चंदगड रस्ता, राज्याची सीमा.]

बेळगाव, खानापूर, निपाणीची मराठी माध्यमाची मुलं कर्नाटकाची एसएसएलसी, म्हणजे तिथली दहावीची परीक्षा, देतात. त्यांच्या अभ्यासक्रमात आलेख, एका चलाची किंमत दुसऱ्या समीकरणात मांडणं आणि लोप. पलीकडे महाराष्ट्रात, चंदगडला, दहावीत क्रेमरची पद्धतही शिकवतात. गॅब्रिएल क्रेमरनं ती १७५० मध्ये मांडली. तिच्यात निश्चयक काढतात, म्हणजे तिरप्या गुणाकारांची वजाबाकी. आपल्या रताळ्या-बटाट्यांच्या समीकरणांचा काढू: ३ × ५ वजा २ × २, म्हणजे ११. य साठी ३ × २३० वजा २ × १८०, म्हणजे ३३०. आपल्या ११य = ३३० मधले हेच दोन आकडे. सीमेपलीकडच्या मावसभावाची वही वेगळी दिसली, तरी आत गुणाकार तेच आहेत.

आणि ११ च्या जागी शून्य आला तर? २ किलो रताळी, ३ किलो बटाटे १७० ला. ४ किलो नि ६ किलो ३४० ला. लोप केला की ० = ०. दुसरं बिल म्हणजे पहिल्याचीच दुप्पट, उकली अनंत. तेच दुसरं बिल ३२० चं असेल तर ० = −२०: आलेखावर दोन समांतर रेषा, उकल नाही. अशा वेळी खाडाखोड करू नका. ‘उकल नाही’ हेच पूर्ण उत्तर म्हणून लिहा.