जिन्याच्या फाटकाची खिट्टी

नमस्कार श्रोतेहो.

लोखंडी ग्रिल, जिन्याचे कठडे आणि फाटकं बनवणं हा माझा व्यवसाय. आज बोलायचंय ते फाटकाच्या सगळ्यात लहान भागाबद्दल, म्हणजे खिट्टीबद्दल. घरात रांगतं मूल आलं की जिन्याच्या तोंडाशी फाटक लागतं. ते बाळाला उघडता येऊ नये आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला एका हाताने उघडता यावं. यातलं दुसरं काम जास्त अवघड, हे मला चुकीतून कळलं.

बहिणीच्या घरासाठी मी पहिलं फाटक केलं, तेव्हा खिट्टीला चांगली जाड स्प्रिंग लावली. बाळाच्या बोटांत एवढा जोर कुठला, म्हणून निश्चिंत होते. आठवड्याने गेले, तर फाटक सताड उघडं आणि सुतळीने कठड्याला बांधलेलं. बहिणीच्या सासूबाईंचे अंगठे संधिवाताने आखडलेत. दिवसभर वर-खाली खेपा, हातात कधी धुण्याची बादली, कधी कडेवर बाळ. त्या म्हणाल्या, "अगं, ती खिट्टी मला ओढवतच नाही गं." भाचा तेव्हा तिसऱ्या पायरीवर एकटा बसला होता. त्याला काही झालं नाही, पण माझ्या छातीत धस्स झालं. फाटक मजबूत होतं, आणि म्हणूनच ते उघडं राहिलं होतं.

औषधांच्या बाटल्यांबाबत हीच गोष्ट फार पूर्वी घडून गेली आहे. कॅनडात विंडसर गावी डॉ. हेन्री ब्रो नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. औषधं गिळलेली मुलं सारखी दवाखान्यात यायची, ते त्यांना बघवेना. त्यांच्या खटपटीतून 1967 मध्ये तळव्याने दाबून मग फिरवायचं झाकण आलं. अमेरिकेने 1970 मध्ये अशा झाकणांसाठी कायदाच केला. पण तिथे मोठ्यांची चाचणी घ्यायची ती 18 ते 45 वयाच्या माणसांवर! ज्यांच्या घरात औषधं जास्त, त्या आजी-आजोबांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांना झाकण उघडेना, मग बाटल्या उघड्याच राहायच्या. 1995 मध्ये नियम बदलला आणि चाचणीला 50 ते 70 वयाची माणसं बसवली. साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या मुलांना मात्र आधी पाच मिनिटं बाटली देतात, मग एकदा उघडून दाखवतात, दात वापरले तरी चालतील असंही सांगतात, आणि पुन्हा पाच मिनिटं देतात. मला ही परीक्षा फार आवडते, कारण तिच्यात मुलाच्या चिकाटीचा मान राखलेला आहे.

तेव्हा मुलाला जोराने हरवायला जाऊ नका. रांगतं मूल ओढतं, ढकलतं, गदागदा हलवतं, चावतं. पण एका वेळी एकच. दोन वेगळ्या दिशांच्या हालचाली एकदम करणं त्याला जमत नाही. आता मी खिट्टी अशी करते: वरची पट्टी तळव्याने मागे सरकवायची आणि त्याच हाताने फाटक थोडं वर उचलायचं. दोन्हींना जोर अगदी थोडा लागतो. पट्टी रुंद ठेवते, म्हणजे बोटं वळत नसली तरी नुसत्या तळव्याने काम होतं.

फाटक सोडलं की आपोआप मिटायला हवं, कारण हात भरलेला माणूस मागे वळून कडी लावत नाही. मिटल्यावर 'खट्' असा आवाजही यावा. खिट्टी खाचेत न बसता नुसती टेकून राहिली, तर फाटक लागल्यासारखं दिसतं. ते सगळ्यात घातक.

जिन्याच्या वरच्या टोकाला फाटक भिंतीत स्क्रूनेच बसवा, आणि ते पायऱ्यांच्या बाजूला उघडू देऊ नका. नुसत्या दाबावर टिकणारं फाटक तिथे नको, आणि त्याची खालची आडवी पट्टी पायात येते ती वेगळीच. आपल्या कोलॅप्सिबल गेटसारखी घडीची फाटकंही नकोत. त्यांच्या चौकटींत मुलांची डोकी अडकून अपघात झाले, म्हणून 1985 च्या फेब्रुवारीपासून अमेरिकेतल्या उत्पादकांनी तसल्या रुंद फटींची फाटकं बनवणं थांबवलं.

हल्ली फाटक पोचवायला गेले की मी घरातल्या आजींना बोलावते. एका हातात पाण्याने भरलेली कळशी देते, दुसरा हात ओला करायला सांगते आणि म्हणते, "आजी, आता उघडा." त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला, तर फाटक पुन्हा टेम्पोत चढतं. बहिणीकडची ती जाड स्प्रिंग मी त्याच दिवशी काढून आणली होती. ती अजून वर्कशॉपमध्ये माझ्या टेबलावर असते.