नमुना ॲनालायझरपर्यंत पोहोचण्याआधी

गळीत हंगाम तोंडावर आला की कोल्हापूर परिसरातल्या साखर कारखान्यांत सगळ्यांचे लक्ष मिलच्या रोलरकडे आणि बॉयलरच्या ट्यूबांकडे लागलेले असते. धुराड्यातला वायू, त्यातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ॲनालायझरपर्यंत आणणारी सॅम्पलिंग लाइन मात्र पावसाळाभर जशी पडून राहिली तशीच चालू केली जाते. आजचे बोलणे त्या लाइनीपुरतेच आहे.

एका कारखान्यात, नाव सांगत नाही, ऑक्सिजन दीड-दोन टक्क्यांनी जास्त दिसत होता. आम्ही दोनदा कॅलिब्रेशन केले आणि दोन्ही वेळा ॲनालायझर अचूक निघाला, कारण सिलिंडरचा ठाऊक प्रमाणाचा वायू आम्ही थेट त्याच्या पाठीमागे देत होतो आणि गळती होती प्रोबच्या (धुराड्यात खुपसलेल्या नळीच्या) फिल्टरनंतरच्या एका ढिल्या नटात. नमुना ओढणाऱ्या पंपाच्या आधीची सगळी लाइन ओढीखाली असल्यामुळे तिथल्या गळतीतून वायू बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत शिरते. म्हणून साबणाचे पाणी लावून बुडबुड्यांची वाट पाहणे तिथे व्यर्थ असते. खरा ऑक्सिजन ५ टक्के असताना नमुन्यात दहावा हिस्सा हवा मिसळली, तर आकडा ६.६ च्या आसपास दिसतो, त्यावर विसंबून बॉयलरवाला हवा कमी करतो आणि धूर काळा होऊ लागतो.

म्हणून पंप चालू ठेवून प्रोबकडचा व्हॉल्व्ह बंद करावा. वायूचा प्रवाह दाखवणाऱ्या रोटामीटरची गोळी पूर्ण तळाला बसली नाही, तर पंपापासून मागे एकेक जोड बंद करत गळती शोधावी. त्यानंतर प्रोबपाशी नायट्रोजन द्यावा, पण पंप ओढतो त्याहून किंचितच जास्त आणि जादा वायूला धुराड्याकडे वाट ठेवून, कारण दाबाने दिला तर लाइनीतली ओढच नाहीशी होते आणि गळती लपते. ऑक्सिजन शून्यावर आला पाहिजे.

बॉयलरमध्ये जळणाऱ्या बगॅसमध्ये, म्हणजे उसाच्या चोथ्यात, सुमारे निम्मे पाणीच असते, त्यामुळे लाइन थंड राहिली तर आत पाणी सुटून राखेचा चिखल होतो. हीटिंग आधी, पंप शेवटी, हा क्रम घाईत उलटतो. लाइनीला हात लावून पाहणे पुरेसे नाही. मधल्या एखाद्या जोडावरचे इन्सुलेशन उंदरांनी कुरतडलेले असते आणि पाणी नेमके तिथेच साचते. नमुना गार करून त्यातले पाणी काढून टाकणारा कूलर साधारण ४-५ अंशांवर स्थिरावल्याशिवाय नमुना सोडू नये. कूलरखालच्या ड्रेन पंपाची रबरी नळी चार महिने रोलरखाली एकाच जागी दाबली गेल्याने चिरते, आणि कूलर पंपाच्या आधी असेल तर हीसुद्धा हवा आत घेणारी वाटच ठरते. ती दर हंगामाला बदलावी, तिची किंमत फार नाही.

ॲनालायझरमधून बाहेर पडणारा वायू पॅनेलच्या खोलीत सोडू नये. शिरोलीच्या फाउंड्रीत क्युपोलावर (लोखंड वितळवण्याच्या भट्टीवर) काम करणाऱ्यांना हे विशेष सांगतो, कारण त्या वायूतल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. व्हेंटच्या तोंडाशी गांधीलमाशीचे घर झालेले नाही ना, तेही पाहावे.

शेवटी, प्रोबपाशी वायू दिल्यापासून आकडा हलेपर्यंतचा वेळ मोजावा. आतून ४ मिलिमीटर व्यासाच्या ३० मीटर नळीत सुमारे ३८० मिलिलिटर वायू मावतो, म्हणजे मिनिटाला एक लिटर ओढल्यास नळीतच २३ सेकंद जातात. फिल्टर आणि कूलरचे वेगळे धरावेत. मोजलेला आकडा तारखेसह पॅनेलच्या दारावर आतून लिहून ठेवावा. डिसेंबरात तोच वेळ दुप्पट निघाला, तर आधी फिल्टर उघडावा.