केहीमकर किहीमला का सापडत नाहीत

[किहीमचा किनारा, ओहोटीची वेळ. मागे सुरूची झाडं.]

अलिबागहून उत्तरेला निघालं की वरसोली, थळ, नवगाव, किहीम, आवास अशी गावं एकामागून एक लागतात. किहीमला उतरून कुणालाही विचारा, 'केहीमकरांचं जुनं घर कुठलं?' बहुधा उत्तर मिळणार नाही. गावातल्या माणसाला गावाचं नाव लावायची गरज नसते. गरज पडते ती पेणच्या बाजारात किंवा मुंबईच्या पलटणीत. 'कुठला रे?' 'किहीमचा.' तिथं लेखनिक जे लिहून घेतो, ते पुढं आडनाव होतं.

कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाची आडनावं जवळजवळ सगळी याच वाटेनं आली. पेणकर, रोहेकर, आवासकर, झिराडकर, चौलचे चेऊलकर, राजपुरीचे राजपुरकर, पेझारीचे पेझारकर. नकाशा उघडून एकेका नावावर टिंब देत गेलात, तर पूर्वीचा कुलाबा जिल्हा, म्हणजे १९८१ पासूनचा रायगड, समोर उभा राहतो. कुंडलिकेच्या एका तीरावर रोहा आणि समोरच्या तीरावर अष्टमी. दोन तीरांची दोन आडनावं, रोहेकर आणि अष्टमकर. मध्ये फक्त नदी.

[नवगाव. जुनी दफनभूमी.]

समाजाची परंपरा सांगते, की फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ एक जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बुडालेल्यांना इथंच पुरलं. हे कधी घडलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही आणि आपल्या कामासाठी, म्हणजे आडनावावरून घराण्याचं मूळ गाव शोधण्यासाठी, तो वाद सोडवायची गरजही नाही. आडनावाचा धागा त्याच्या कितीतरी शतकं अलीकडचा आहे.

वाचलेल्यांच्या वंशजांचा धंदा तेलाचा. लाकडी घाणा, एक बैल, तीळ नाहीतर खोबरं. शुक्रवारी सूर्य मावळला की घाणा थांबायचा, तो शनिवारी रात्रीच सुरू व्हायचा. म्हणून गावकऱ्यांनी नाव ठेवलं, शनवार तेली. एका गावाला एक-दोन घाणे पुरत. भाऊ वाढले की एकानं दुसरं गाव धरायचं. समाज लहान, तरी गावं इतकी का, त्याचं हे साधं कारण. आणि सख्ख्या भावांच्या वंशजांची आडनावं वेगळी का, त्याचंही हेच. एकाचे नातू पुढं आवासकर झाले, दुसऱ्याचे झिराडकर.

आता उलटी बाजू. आडनाव एक, म्हणून कूळ एक, असं धरून चाललात तर फसाल. दिवेकर, दांडेकर चित्पावनांतही आहेत आणि बेने इस्राएलांतही. गाव सामाईक आहे, रक्त नव्हे. शिवाय नागाव अलिबागजवळही आहे आणि उरणजवळही. पालीही एकच नाही. तेव्हा नुसत्या आडनावावरून नकाशावर बोट ठेवू नका. घराण्याच्या सोयरिकी कुठल्या गावांत झाल्या, ते आधी पाहा. बहुतेक सोयरिकी पेण-पोयनाडच्या पट्ट्यात असतील, तर मूळ गाव पन्नास मैल लांब असण्याची शक्यता कमी. आणि पेणकर म्हणजे शेवटपर्यंत पेणला राहिलेले, असंही नाही. ते पेणहून निघाले एवढंच नाव सांगतं. पुढच्या तीन पिढ्या पनवेलला गेल्या असतील, तरी नाव पेणचंच राहतं.

[मुंबई. मशीद बंदर स्थानक, सॅम्युएल स्ट्रीट.]

अठराव्या शतकात घाणे सोडून माणसं मुंबईला आली. कंपनीच्या पलटणीत शिपाई, सुभेदार, बाहेर सुतार आणि गवंडी. समाजी हसाजी दिवेकर, इंग्रजी कागदांत सॅम्युएल इझिकेल, हे त्यांतले एक. टिपूविरुद्धच्या लढाईत ते पकडले गेले, सुटून आले आणि १७९६ साली त्यांनी मांडवीत मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं, शाआर हारहमीम.

नाव नीट ऐका. समाजी हसाजी. सॅम्युएलचा समाजी, इझिकेलचा हसाजी. तसाच अब्राहमचा अबाजी, आयझॅकचा इसाजी, एलायजाचा एलोजी. मराठी तोंडात बसलेली ही नावं जुन्या कागदांत अशीच येतात. 'सॅम्युएल' शोधत बसलात, तर समोर असलेला समाजी नजरेतून निसटतो.

मुंबईत आडनावाचं दुसरं स्थित्यंतर झालं. पलटणीचे हजेरीपट, मिशनच्या शाळा आणि पुढं १८७५ साली हाईम सॅम्युएल केहीमकरांच्या पुढाकारानं निघालेली समाजाची स्वतःची शाळा. इंग्रजी रकान्यात स्वतःचं नाव आणि बापाचं नाव बसलं, की जागा संपली. गावाचं नाव गळालं. वरळीचा डॉक्टर ई. मोझेस मार्ग रोज हजारो लोक ओलांडतात. ते डॉक्टर एलायजा मोझेस राजपुरकर, १९३७ साली मुंबईचे महापौर. पाटीवर राजपुरी नाही. 'बूट पॉलिश' सिनेमात जॉन चाचा झालेला नट पडद्यावर नुसता डेव्हिड. घरचं नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चौल तिथंही दिसत नाही.

याचा त्रास नातवंडांना होतो. आजोबा 'मोझेस डॅनियल', त्यांचा मुलगा 'सॅम्युएल मोझेस', नातू 'डॅनियल सॅम्युएल'. दर पिढीला शेवटचा शब्द बदलतो. अनोळखी माणसाला ही तीन वेगळी घराणी वाटतात. अशा वेळी साखळी बापाच्या नावावरून जोडायची आणि 'कर' सापडेल तिथं ते संपूर्ण साखळीला लावायचं. बहुधा ते लग्नपत्रिकेवर किंवा थडग्यावर सापडतं.

[अश्दोद. इमारतीच्या दारातल्या टपालपेट्या, हिब्रू नावं.]

१९४८ नंतर मोठा ओघ इस्रायलकडे गेला. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद, रामला. तिथं नाव तिसऱ्यांदा बदललं, या वेळी लिपीमुळं. हिब्रूत स्वर बहुतेक लिहीत नाहीत. 'पे' हे एकच अक्षर प आणि फ दोन्हींसाठी चालतं. 'वाव' कधी व, कधी ओ, कधी ऊ. क लिहायला 'कोफ' घ्या किंवा 'काफ', आणि काफ काही ठिकाणी ख वाचला जातो. ट आणि त यांत फरक राहत नाही. झिराडकरच्या झचं तर विचारूच नका. एकाच घरातल्या दोन भावांच्या ओळखपत्रांवर दोन स्पेलिंगं असणं यात नवल नाही. शोधायला बसण्याआधी आपल्या आडनावाची सगळी रूपं एका कागदावर लिहून काढा. इंग्रजीत डब्ल्यूचा आवासकर आणि व्हीचा आवासकर, जेचा, झेडचा आणि जेएचचा झिराडकर, आयचा किहीमकर आणि ईचा केहीमकर. शोध प्रत्येक रूपावर वेगळा घ्यावा लागतो.

इस्रायलमध्येच आडनावाची मर्यादाही उघडी पडली. १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठानं बेने इस्राएलांच्या लग्नाआधी चौकशी करायच्या सूचना काढल्या. प्रश्न आईकडच्या पिढ्यांचा होता, कारण ज्यू धर्मशास्त्रात वंश आईकडून मोजतात. आणि 'कर' तर बापाकडून येतं! कित्येक पिढ्यांचं आडनाव हातात असलं, तरी त्या प्रश्नावर ते मुकं. समाजानं निदर्शनं केली, धरणं धरलं आणि १९६४ साली त्या सूचना बदलाव्या लागल्या. पण तेव्हापासून घरोघरी पणजीचं माहेर विचारलं जाऊ लागलं. शोध घेताना हे आधीपासून करा. प्रत्येक बाईसमोर माहेरचं 'कर' लिहा, सासरचं नको.

[वरळीची दफनभूमी. थडग्याची शिळा जवळून.]

माहेर सापडायची दोन ठिकाणं. एक केतुबा, म्हणजे लग्नाचा करार. त्यात नवरा आणि नवरी दोघांच्या वडिलांची नावं असतात. दुसरं हे थडगं. वर हिब्रू, खाली मराठी, क्वचित इंग्रजीही.

हिब्रू वर्ष अक्षरांत असतं आणि त्यातले पाच हजार बहुधा गाळलेले असतात. ताव चारशे, रेश दोनशे, लामेद तीस. झाले ६३०. त्यात १२४० मिळवा, १८७०. मात्र ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं. महिना तिश्री, हेश्वान किंवा किस्लेव असेल, तर एक वर्ष वजा करून १८६९ धरा. तेवेत महिना डिसेंबर-जानेवारीत विभागला जातो, तिथं तिथी पाहूनच ठरवा. मराठी मजकुरात शक असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते चैत्र पाडवा या काळासाठी ७९. हिब्रू आणि इंग्रजी तारखेत एका दिवसाचा फरक पडला, तर दगडाला दोष देऊ नका. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. संध्याकाळी गेलेल्या माणसाची तिथी पुढच्या दिवसाची असते.

अक्षरं झिजली असतील तर खडू किंवा पीठ चोळू नका, तारेचा ब्रश तर नकोच. साधं पाणी मऊ फडक्यानं लावा आणि सकाळी आठच्या आत, ऊन तिरपं असताना फोटो घ्या. दुपारच्या उन्हात खोदकामाची सावली पडत नाही, दगड सपाट दिसतो.

[तहसील कचेरी. फडक्यात बांधलेले दप्तर.]

मुंबईतून मागं गावात जाताना आधी एक गोष्ट ठरवा. तेव्हा राज्य कुणाचं होतं? अलिबागचा टापू १८४० च्या सुमारापर्यंत आंग्र्यांचा. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनकडची गावं १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दीची. राजपुरकरांचे कागद इंग्रजी कुलाब्याच्या दप्तरात शोधणं म्हणजे महिनाभर वाया.

तहसीलमध्ये दोन गोष्टी मागा. जमीन असेल तर फेरफार, गाव नमुना ६. जमीन नसली तरी जन्ममृत्यूची नोंद, गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात. जुनी पानं मोडीत आहेत. मोडी वाचणारा माणूस बरोबर न्या, आणि त्याला आडनाव शोधायला सांगू नका. जात शोधायला सांगा. यहुदी, इस्राएल, बेने इस्राएल, शनवार तेली, चारही शब्द लिहून द्या. गावात असेपर्यंत या माणसांना 'कर' नव्हतं. ज्या नोंदीपर्यंत पोहोचायचं, ती अशा धर्तीची असते ('बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा):

'अबाजी बिन एलोजी, जात शनवार तेली, मौजे किहीम.'