कूपरेजवरचे जीपवाले

नमस्कार श्रोतेहो.

कोल्हापूरचा माणूस मुंबईत नोकरीला गेला की पहिल्या महिन्यात दोन गोष्टी शोधतो. एक म्हणजे बरा तांबडा रस्सा आणि दुसरी म्हणजे फुटबॉलचं मैदान. रस्सा मला शेवटपर्यंत मिळाला नाही. मैदान मात्र चर्चगेटला उतरून दहा-पंधरा मिनिटं चाललं की सापडायचं. ओव्हल मैदान ओलांडायचं, मंत्रालयाच्या अलीकडे वळायचं, की आलं कूपरेज.

या नावाची गंमत सांगतो. कूपर म्हणजे लाकडी पिंपं बांधणारा कारागीर. कंपनी सरकारच्या काळात आरमारासाठी खारवलेलं मांस भरायची पिंपं इथं तयार व्हायची, म्हणून ते कूपरेज. पिंपं गेली, नाव राहिलं. पुढं तिथं रोव्हर्स करंडकाचे सामने झाले. ती स्पर्धा १८९१ सालची, देशातल्या सगळ्यांत जुन्या स्पर्धांपैकी एक. एकेकाळी कलकत्त्याचे, हैदराबादचे, गोव्याचे संघ इथं यायचे आणि पायऱ्या भरून जायच्या. मी पोचलो तोवर ते दिवस सरत आले होते. २०००-०१ नंतर रोव्हर्स झालीच नाही.

पण मला आज बोलायचंय ते या मैदानाला आपलं घर मानणाऱ्या एका संघाबद्दल. महिंद्रा युनायटेड. लाल जर्सी आणि टोपणनाव ‘जीपमेन’. आम्ही सरळ जीपवाले म्हणायचो.

हा संघ १९६२ साली उभा राहिला तो कंपनीच्या कामगारांचा आणि कर्मचाऱ्यांचा संघ म्हणून. तेव्हा नाव होतं महिंद्रा अँड महिंद्रा. स्वातंत्र्याच्या आसपास या कंपनीनं अमेरिकेच्या विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली होती, त्यातूनच ते टोपणनाव आलं. आज तरुण श्रोत्यांना नवल वाटेल, पण मुंबईचा फुटबॉल त्या काळी असाच चालायचा, कचेरीच्या आणि गिरणीच्या नावानं. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, बँका, रेल्वे, खत कारखाना. पोरगा चांगला खेळतो म्हणून त्याला कारकुनाची नाहीतर खात्यातली नोकरी मिळायची. सकाळी मस्टरवर सही, दुपारनंतर सराव. पगार महिन्याचा आणि निवृत्तीनंतर पेन्शन. पाय मोडला तरी टेबल शाबूत. माझ्या मते हा व्यवहार वाटतो तितका मागासलेला नव्हता. भायखळ्याच्या नाहीतर कुर्ल्याच्या घरात बाप पोराला फुटबॉल खेळू देत होता, तो या टेबलाच्या भरवशावर.

मग १९८२ चा गिरणी संप झाला आणि गिरण्यांचे संघ एकेक करून पुसले गेले. त्यावर स्वतंत्र बोलायला हवं, आज नको.

१९९६ च्या अखेरीस देशात राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि चित्र बदललं. आता करार करायचा, परदेशी खेळाडू आणायचे, देशभर प्रवास करायचा. बऱ्याच कंपन्यांनी हात आखडता घेतला. महिंद्रानं उलट हात सैल सोडला. १९९८ साली या संघानं दिल्लीत ड्युरँड करंडक जिंकला, अंतिम सामन्यात समोर कलकत्त्याचा ईस्ट बंगाल. २००० साली नाव बदलून महिंद्रा युनायटेड झालं. कंपनीचं नाव राहिलं, पण शेपटीला ‘युनायटेड’ लागलं. कुणाकुणाचं युनायटेड, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. २००१ साली पुन्हा ड्युरँड. या वेळी गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सवर पाच गोल आणि स्वतःवर एकही नाही. अंतिम सामन्यात पाच-शून्य! २००३ साली फेडरेशन कप.

आणि मग आला २००५-०६ चा हंगाम. श्रोतेहो, इथं मी जरा रेंगाळणार आहे, माफ करा.

प्रशिक्षक होते डेरिक परेरा. गोव्याचे, स्वतः बचावफळीत खेळलेले, बोलणं कमी. पुढच्या फळीत घानाचा युसिफ याकुबू. अंगानं दणकट, आणि चेंडू एकदा पायाशी आला की दोन बचावपटू पाठीवर घेऊन वळायचा. सोबत ब्राझीलचा होजे रामिरेझ बारेटो, ज्याला कलकत्त्याच्या मोहन बागानच्या लोकांनी डोक्यावर घेतलं होतं आणि जो त्या हंगामात लाल जर्सीत होता. बारेटो चेंडू मारायचा नाही, ठेवायचा. जिथं माणूस दोन पावलांनी येणार आहे तिथं ठेवायचा. उजव्या बगलेला मुंबईचाच स्टीव्हन डायस. त्याचा क्रॉस, म्हणजे बगलेवरून गोलासमोर टाकलेला चेंडू, आला की पायऱ्यांवरची माणसं आधीच उठून उभी राहायची. त्या हंगामात फेडरेशन कपही जिंकला आणि राष्ट्रीय लीगही. त्याआधी मुंबईच्या एकाही क्लबला राष्ट्रीय लीग जिंकता आली नव्हती. पंजाबनं जिंकली होती, कलकत्त्यानं, गोव्यानं. मुंबईनं पहिल्यांदा.

आता तुम्ही म्हणाल, मग शहरात काय दिवाळी झाली असेल!

मी दुसऱ्या दिवशी आमच्या बँकेत पेढे नेले. काउंटरवरच्या सहकाऱ्यानं पेढा तोंडात टाकत विचारलं, ‘मुलगा की मुलगी?’ मी म्हटलं, ‘महिंद्रा लीग जिंकली.’ तो म्हणाला, ‘शेअर आहेत वाटतं तुमच्याकडे?’

हे मी थट्टेत सांगतोय, पण त्या संघाचं दुखणं मला त्या दिवशी उमगलं. कूपरेजवर मोहन बागान नाहीतर ईस्ट बंगाल आले की पायऱ्यांवर त्यांचेच लोक जास्त. मुंबईतले बंगाली लोक सुट्टी टाकून, झेंडे घेऊन यायचे. गोव्याचा संघ आला की धोबीतलावच्या कुडांमधून गोवेकर मंडळी यायची. कूड म्हणजे गोव्यातल्या एकेका गावानं मुंबईत थाटलेलं खोलीघर, गावचा माणूस आला की तिथं उतरतो. म्हणजे पाहुण्यांना गाव होतं, आणि यजमानाला? कंपनीतली काही मंडळी, शाळेची पोरं, आणि माझ्यासारखे पाच-पन्नास भटके. आपल्याच मैदानावर जीपवाले पाहुणे वाटायचे.

मला साहजिकच कोल्हापूरचं शाहू स्टेडियम आठवायचं. आमच्याकडं पाटाकडील तालीम आणि दिलबहार नाहीतर खंडोबा आणि बालगोपाल अशी गाठ असली की आदल्या रात्रीपासून पेठेत झोप नसते. तिथं संघ म्हणजे तालीम, आणि तालीम म्हणजे पेठ. वर्गणी निघते, दुकानदार बूट देतो, कुणी जेवण घालतो. मारामाऱ्याही होतात, ते मी लपवत नाही, लाज वाटावी अशा होतात. खेळाचा दर्जा महिंद्राच्या पासंगालाही पुरत नाही, हेही कबूल. पण शिवाजी तरुण मंडळ बंद करायचं ठरलं, तर ते ठरवणार कोण? कुणाच्या सहीनं? पेठ कुणाला विचारून बंद करणार?

महिंद्रा युनायटेड बंद करायला सही पुरेशी होती.

तसं बंद पडायच्या आधी त्यांनी भरपूर मिळवलं. २००६ आणि २००८ ला कलकत्त्यात जाऊन आयएफए शील्ड जिंकली. २००७ साली आशियाई फुटबॉल महासंघाच्या एएफसी कपमध्ये उपांत्यपूर्व फेरी गाठली, तिथं लेबननच्या अल नजमेहनं वाट अडवली. २००८ ला तिसऱ्यांदा ड्युरँड, पुन्हा चर्चिलवरच, या वेळी तीन-दोन. राष्ट्रीय लीगची आय-लीग झाली, तीतही ते होते.

आणि २०१० साली, हंगाम चालू असतानाच, कंपनीनं जाहीर केलं की हंगाम संपला की संघ विसर्जित होईल. कारण सांगितलं ते असं की यापुढं शालेय पातळीवरच्या फुटबॉलकडं लक्ष द्यायचं आहे. मुळं भक्कम करायची आहेत.

मला कंपनीवर राग काढता येत नाही. अठ्ठेचाळीस वर्षं खर्च करणं ही थोडी गोष्ट नाही. हिशेब मांडून बघा. तिकिटाचं उत्पन्न जवळजवळ नाही. टीव्हीचे पैसे नावाला. परदेशी खेळाडूंचे करार महाग. त्यात आशियाई महासंघाच्या अटी येऊ लागलेल्या, की क्लब स्वतंत्र नोंदणीचा हवा, त्याचे युवा संघ हवेत, कागदपत्रं चोख हवीत. एखाद्या जाणत्या हिशेबनिसानं या खात्याखाली लाल रेघ ओढली तर त्याची चूक म्हणवत नाही. मात्र शाळेतल्या पोरांसाठी काम करायचं म्हणून मोठा संघ बंद करायचा, ही गोष्ट माझ्या गळी आजतागायत उतरलेली नाही. शाळेतल्या पोराला खेळून शेवटी जायचं कुठं, हे दाखवायला तरी एक लाल जर्सी हवी होती की नको?

पुढच्याच वर्षी, २०११ ला, फगवाड्याच्या जेसीटीनं हाच रस्ता धरला. जेसीटी म्हणजे पहिल्यावहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता. तोही गिरणीचाच संघ. आपल्या पुण्यात २००७ साली पुणे एफसी निघाली होती, ती आय-लीगमध्ये २०१२-१३ ला दुसरी आली, आणि काही वर्षांत गेली. त्या दुसऱ्या आलेल्या संघाचे प्रशिक्षक कोण, तर आपले डेरिक परेरा. मुंबई एफसी कूपरेजवर खेळली, २०१७ ला खालच्या श्रेणीत घसरली आणि मिटली. इंडियन सुपर लीगमधली एफसी पुणे सिटी २०१९ ला गेली. महाराष्ट्रात क्लबचं बारसं झालं की मी हल्ली घुगऱ्या खायला थांबत नाही.

माणसं मात्र उरतात. महिंद्रात मधल्या फळीत खालिद जमील नावाचा एक खेळाडू होता. दुखापतींनी बेजार झालेला, फारसा चमकला नाही. खेळणं सुटल्यावर त्यानं मुंबई एफसीचा संघ अनेक वर्षं, हाताशी फारसं काही नसताना, आय-लीगमध्ये तगवून धरला. तिथून बाहेर पडला आणि पहिल्याच हंगामात, २०१६-१७ ला, मिझोरामच्या ऐझॉल एफसीला आय-लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. मोहन बागान, ईस्ट बंगाल, बंगळूरु सगळ्यांना मागं टाकून. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून त्याचीच निवड झाली.

ती बातमी आली तेव्हा मी निवृत्त होऊन कोल्हापुरात परतलो होतो. आमच्या शेजारचा पोरगा, तालमीच्या कुमार संघात खेळतो, मोबाईलवर मोठ्यानं वाचत होता. खालिद जमील, अमुक क्लब, तमुक क्लब, महिंद्रा युनायटेड. तिथं तो थांबला.

‘आजोबा, महिंद्रा म्हंजे ते गाडीवालं?’

‘हां, तेच.’

‘त्यांची टीम हुती?’

मी त्याला पायरीवर बसवलं आणि बारेटोपासून सुरुवात केली. पाच मिनिटांत त्याला सरावाला बोलवायला पोरं आली, तो पळाला. याकुबूपर्यंत पोचायचं राहिलंय.

नमस्कार.