गोफवाले गणिताचे सर

नमस्कार श्रोतेहो.

बालाघाटाच्या डोंगरात, बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावी हयातभर गणित शिकवलेले आमचे सर यंदाच्या उन्हाळ्यात गेले. गावात कुणी त्यांना गणिताचे मास्तर म्हणायचं, कुणी गोफवाले गुरुजी. आज त्यांच्याविषयी चार शब्द बोलायचे आहेत.

सरांचं गणित पक्कं झालं ते 1972 च्या दुष्काळात, खडीच्या कामावर. तेव्हा ते चौदा वर्षांचे. घरातली सगळी माणसं खडी फोडायला जायची आणि मजुरी मिळायची मापावर. शंभर घनफुटांची एक ब्रास. ढीग वर निमुळता, खाली पसरलेला. मोजणाऱ्यानं घाईत टेप धरला की मजुराच्या पदरचं जायचं. सरांनी एका काठीवर फुटाच्या खुणा केल्या आणि घरचा ढीग आदल्या संध्याकाळीच मोजून ठेवायला लागले. मग शेजाऱ्यांचा. मग साऱ्या रांगेचा. सकाळी माप घेणाऱ्यासमोर हे पोरगं आकडा सांगायचं आणि बाया म्हणायच्या, "लेकरू हिशेबानं बोलायलंय, परत मोजा." मिलो आणि सुकडी खाऊन काढलेल्या त्या वर्षाविषयी सर फारसं बोलत नसत. पण घनफळाचा धडा आला की ती काठी वर्गात यायची.

नाच त्यांच्या अंगात आला सप्ताहातल्या पावलीतून. टाळाच्या ठेक्यावर पुढे दोन, मागे एक. पुढे टिपऱ्या आल्या, लेझीम आलं. पण जीव जडला तो गोफावर.

शाळेसमोरच्या लिंबाच्या फांदीला लोखंडी कडं, कड्याला आठ रंगीत दोऱ्या. जुन्या लुगड्यांचे काठ जोडून त्या दोऱ्या सरांच्या आईनं शिवल्या होत्या. डाव्या हातात दोरी, उजव्या हातात टिपरी. चौघांनी उजवीकडून फिरायचं, चौघांनी डावीकडून. समोरून येणाऱ्याला एकदा आतून ओलांडायचं, पुढच्याला बाहेरून. हलगी सुरू झाली की वरून वेणी उतरायला लागायची.

एकदा सरांनी मध्येच हलगी थांबवली आणि विचारलं, "एका पूर्ण फेरीत तू किती वेळा ओलांडतोस?" सगळे म्हणाले, चार. समोरून येणारे चौघंच की! सर म्हणाले, "चाला." प्रत्येक ओलांडणीला एका पोरीनं जमिनीवर खडूची रेघ ओढली. फेरी पुरी झाली तेव्हा रेघा आठ. प्रत्येक जण दोनदा भेटला होता. "अरे, समोरचा उभा आहे का? तोही चालतोय ना?" वर्गात समोरासमोरून येणाऱ्या रेल्वेगाड्यांची गणितं घामटं काढायची, त्या दिवसानंतर आमच्या वर्गात ती कुणाची चुकल्याचं मला आठवत नाही.

खरी परीक्षा गोफ सोडवताना. विणणं जमतं हो, उलगडताना गाठ बसते. शेवटचं पाऊल आधी उलटं टाकायचं, मग त्याच्या आधीचं, असं थेट पहिल्यापर्यंत. फळ्यावर 3क्ष + 5 = 20 लिहिलं की सर एवढंच विचारायचे, "शेवटी काय विणलं?" पाच मिळवले. मग आधी पाच काढा, उरले पंधरा. त्याआधी तीनानं गुणलं होतं, आता भागा. क्ष आला पाच. पाढे येत नाहीत म्हणून मागच्या बाकावर ढकललेली पोरंसुद्धा समीकरण सोडवायची, कारण ते त्यांच्या पायांना आधीच ठाऊक असायचं. गणिताची भीती घालवायचा याहून चांगला रस्ता मी अजून पाहिलेला नाही.

कधी पावसानं सराव मोडला की व्हरांड्यात 'लीलावती' निघायची. भास्कराचार्यांनी 1150 साली विचारलेला प्रश्न: शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं किती तऱ्हांनी देता येतील? उत्तर 36,28,800. मग आमच्या आठ जणांत आठ रंग किती तऱ्हांनी वाटता येतील? 40,320. लाल दोरीवरून भांडणाऱ्या पोरींना सर म्हणायचे, "बायांनो, अजून चाळीस हजार तऱ्हा बाकी आहेत, भांडता कशाला?"

एक गोष्ट मात्र मला आवर्जून सांगायची आहे. आमच्याकडे दसरा झाला की तांड्यावरची, वस्तीवरची बिऱ्हाडं ऊस तोडायला कारखान्यांकडे निघतात. जानेवारीत ग्यादरिंग व्हायचं तेव्हा वर्गातली निम्मी पोरं फडात असायची. सरांनी गोफ ग्यादरिंगमधून काढला आणि 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला नेऊन ठेवला. वरच्या लोकांना ते पटलं नाही, तरी सर हटले नाहीत. तांड्यावरच्या पोरी पहिल्यांदा गावासमोर नाचल्या त्या त्या दिवशी, आणि त्यांच्या आया पहिल्यांदा शाळेच्या आवारात येऊन बसल्या. हलगी वाजवणाऱ्या आजोबांना सरांनी खुर्ची दिली ती हेडमास्तरांच्या शेजारची. पोरं फडावर निघताना प्रत्येकाच्या दप्तरात सरांच्या हातची उदाहरणांची वही असायची. उन्हाळ्यात ती परत आली की रात्री कंदिलाशी बसून तपासायचे. बऱ्याच वह्या कोऱ्या यायच्या. त्यांना ते रागवत नसत, पुढच्या वर्षी पुन्हा नवी वही द्यायचे.

सरांनी गोफाच्या बांधणीचे सगळे प्रकार चौकटीच्या वहीत उतरवून ठेवले आहेत. आतला बाण निळ्या शाईचा, बाहेरचा लाल. ती वही आज त्यांच्या मुलीकडे आहे. तीही शिक्षिका आहे आणि मागेल त्या शाळेला झेरॉक्स काढून देते. आसपासच्या काही शाळांनी नेली, येत्या 17 सप्टेंबरसाठी तालीमही सुरू झाली आहे. तुमच्या गावातही गोफाची पावलं ठाऊक असलेलं एखादं म्हातारं माणूस असेल, तर वही घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि उलगडायची पावलं आधी लिहून घ्या. विणायची बहुतेकांना आठवतात.

नमस्कार.